वेसाव्याचे कासव आणि फणसावरचे अळंबे

२२ मार्च २०१८, गुरुवार. अंधेरी पश्चिमेच्या टोकाला असलेल्या वेसाव्याच्या, म्हणजे आजच्या बोलीतील वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला आलेल्या लोकांना वाळूत काही तरी हलताना दिसले. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची किमान ऐंशी पिल्ले पाण्याच्या दिशेने सरपटत निघाली होती. मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांनी असे दृश्य दिसत असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले आणि लवकरच ही बातमी जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचली.

मुंबई उपनगरांच्या एका कडेला अशी वाळू आहे, तर मधोमध रान आहे. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे आणि त्याच्या दक्षिणेला आरेचा पट्टा लागून आहे. या रानात दर पावसाळ्यात वठलेल्या खोडांवर अळंबी उगवतात. लाकूड कुजवणाऱ्या कवकांची ती फळे असतात. त्यांच्या येण्याची बातमी कधी झाली नाही आणि त्यांच्या जाण्याचीही होणार नाही.

कासव आणि अळंबे यांची तुलना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तरीही दोघांच्या नोंदींचा इतिहास शेजारी ठेवून वाचला, की ‘संकटग्रस्त’ हा शब्द एखाद्या जीवाला कसा मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे बरेच स्पष्ट होते. हा धागा त्याविषयी आहे.

आधी कासव.

ऑलिव्ह रिडलेला शास्त्रीय नाव मिळाले १८२९ मध्ये. योहान फ्रिडरिश एशशोल्त्स या निसर्गअभ्यासकाने त्याचे वर्णन केले. कोकणच्या लोकांना मात्र या प्राण्याची ओळख करून देण्यासाठी कोणा युरोपीय अभ्यासकाची गरज नव्हती. महाराष्ट्रातल्या असंख्य देवळांत गाभाऱ्यासमोरच्या फरशीत दगडी कासव कोरलेले असते; त्याला नमस्कार करूनच भाविक पुढे जातो. दशावतारांतला दुसरा अवतार कूर्माचा. एकीकडे ही पूज्यता होती आणि दुसरीकडे त्याच कासवाची अंडी वाळूतून उकरून खाल्लीही जात आणि विकलीही जात. हा विरोधाभास आज आपल्याला बोचतो. पण किनाऱ्यावरच्या माणसाच्या दृष्टीने देवळातला कूर्म वेगळा आणि वाळूतली अंडी वेगळी होती. हंगामात मिळणारे ते एक अन्न होते, इतकेच.

मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. त्यानंतर ती घरट्याकडे वळून पाहत नाही. साधारण दीड ते दोन महिन्यांत पिल्ले बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. बाहेर पडल्यावर ती क्षितिजावरच्या सर्वांत उजळ बाजूकडे धावतात. लाखो वर्षे ती बाजू समुद्राची होती. जुहू-वर्सोव्याच्या इमारतींवर दिवे लागल्यापासून ती नेहमीच समुद्राची राहिलेली नाही.

या प्राण्याचे कायदेशीर चरित्र अवघ्या पन्नास वर्षांचे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्या दशकात ओडिशाच्या किनाऱ्यावरून कासवे हजारोंच्या संख्येने कोलकात्याच्या बाजारात जात होती. ऑलिव्ह रिडलेला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत स्थान मिळाले आणि त्याची शिकार कैदेचा गुन्हा ठरली. उघड व्यापार त्यानंतर आटला. पुढे आला तो ट्रॉलरच्या जाळ्यांचा प्रश्न. कासवाला श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते. ओढत्या जाळ्यात अडकले की ते बुडून मरते.

हाच प्रश्न जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेला. जाळ्यात कासवासाठी सुटकेची वाट न ठेवणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने अडवली, तेव्हा भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड यांनी तक्रार केली. ऑक्टोबर १९९८ मध्ये अपील मंडळाचा निर्णय आला: बंदीची अंमलबजावणी देशादेशांत भेदभाव करणारी असल्याने अमेरिका हरली, पण कासवासारख्या जीवाच्या रक्षणासाठी व्यापारावर निर्बंध घालता येतात, हे तत्त्व टिकले. वेसावे हे मुंबईतील मोठे मासळी बंदर. तिथल्या नाखव्याचे जाळे, अमेरिकेतल्या ताटातली कोळंबी आणि जिनिव्हातला निकाल असे एका सूत्रात आले, ते एका कासवामुळे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर खरे वळण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी आले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ पासून तिथे घरटी राखायला सुरुवात केली. अंडी सुरक्षित कुंपणात हलवायची, दिवस मोजायचे, पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची आणि प्रत्येक घरट्याची वहीत नोंद करायची, असे ते काम. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली आणि घरट्याचे मोल अंड्यांच्या मोलाहून जास्त झाले. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने आणखी एक योजना आणली: संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. सरकारने एका जीवाच्या सुटकेची किंमत जाळ्याच्या दोरात मोजून देणे, ही प्रशासनाच्या इतिहासात छोटी गोष्ट नव्हे.

आणि मग वर्सोवा. ऑक्टोबर २०१५ पासून वकील अफरोज शाह आणि त्यांच्या सोबत जमत गेलेले नागरिक आठवड्यामागून आठवडे या किनाऱ्यावरचा प्लास्टिकचा थर उपसत होते. हजारो टन कचरा निघाला. २०१६ मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ सन्मान मिळाला. दोन वर्षांनी पिल्ले दिसली, तेव्हा लोकांनी दोन घटनांचा संबंध लगेच जोडला: किनारा स्वच्छ झाला म्हणून कासव परतले. एका घरट्यावरून एवढा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. पण कचऱ्याचा थर हटल्याशिवाय खड्डा खणता आला नसता, हेही खरे.

आता अळंबे.

कोकणात आणि गोव्यात जुन्या फणसाच्या खोडावर एक कठीण, लाकडासारखे, तपकिरी अळंबे येते. त्याला फणसअळंबे किंवा फणसोंबा म्हणतात. ते खाण्याचे नव्हे. सहाणेवर पाण्यात उगाळून त्याची पेस्ट तान्ह्या मुलांच्या हिरड्यांना लावतात. तोंड आले असेल, लाळ फार गळत असेल, तर हा घरगुती उपाय. काष्ठौषधींच्या दुकानांतही ते मिळत आले आहे. या ज्ञानाची मालकी प्रामुख्याने आज्यांकडे होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे अळंबे छापील ग्रंथात आले. मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख राहिलेले विल्यम डायमॉक यांनी दोन सहकाऱ्यांसह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात तीन खंडांत सिद्ध केला. त्यात मुंबई इलाख्यातील औषधींबरोबर फणसावरच्या या अळंब्याचीही दखल आहे. त्याला तेव्हा जोडलेले शास्त्रीय नाव आजच्या कवकतज्ज्ञांना मान्य नाही. आज ते फेलिनस या गटात धरले जाते. १९९३ मध्ये जे. जी. वैद्य आणि ए. एस. राब्बा यांनी ‘मायकॉलॉजिस्ट’ या ब्रिटिश नियतकालिकात लोकवैद्यकातील कवकांवर लिहिले, तेव्हा फणसोंबा पुन्हा एकदा शास्त्राच्या पानावर आला. दोन नोंदींमध्ये शंभर वर्षे गेली होती.

मधल्या काळात मुंबईत कवकांचा अभ्यास झालाच नाही, असे नाही. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील जेझुइट वनस्पतितज्ज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर यांनी गोळा केलेले नमुने युरोपात फर्डिनांड थाइसन यांच्याकडे गेले आणि १९११ मध्ये ‘मुंबईची काही कवके’ अशा अर्थाच्या लॅटिन शीर्षकाखाली त्यांचे वर्णन छापले गेले. १९३५ मध्ये उप्पल, पटेल आणि कामत या त्रयीचे ‘द फंजाय ऑफ बॉम्बे’ प्रसिद्ध झाले.

या त्रयीचे क्षेत्र होते पिकांवरील रोग. इथेच या इतिहासाची गोम आहे. गव्हावरचा तांबेरा, ज्वारीवरची काणी, द्राक्षावरची भुरी, भातावरचा करपा: कवक सरकारी दप्तरात आले ते शत्रू म्हणून. ज्याने पिकाचे नुकसान केले त्याची नोंद पक्की झाली. रानातल्या मेलेल्या लाकडावर कोणाचेही नुकसान न करता जगणाऱ्याची नोंद झाली, तर ती एखाद्या हौशी संग्राहकाच्या कृपेने. कासवही दप्तरात आधी माल म्हणूनच आले होते. पण मालाचा पुढे पालनकर्त्याच्या कुशीत प्रवेश होऊ शकतो. रोगाचा तसा होत नाही.

हे अळंबे करते काय, तेही पाहायला हवे. लाकूड मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन या दोन द्रव्यांचे बनलेले असते. लिग्निन इतके चिवट असते, की त्याचा पुरता फडशा पाडणारे जीव पृथ्वीवर फार थोडे आहेत आणि त्यांत लाकूड कुजवणारी कवके अग्रणी आहेत. आपल्याला दिसणारे अळंबे हे केवळ फळ. खरा जीव म्हणजे खोडाच्या आत वर्षानुवर्षे पसरत गेलेले पांढरे कवकजाल. त्याने पोखरलेल्या लाकडात भुंग्यांच्या अळ्या राहतात, त्या खायला सुतारपक्षी येतात, त्यांनी कोरलेल्या ढोलीत पुढे पोपट नांदतात. शेवटी खोडाची माती होते आणि त्या मातीत नवे रोप रुजते. ही कवके नसती, तर कान्हेरीच्या डोंगरउतारावर शतकांची मेलेली झाडे तशीच रचून पडली असती.

असे कवक संकटात येऊ शकते का? येऊ शकते, आणि त्याचे सर्वांत जुने लिखित उदाहरण औषधाच्याच इतिहासात आहे. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने ‘अगारिकॉन’ नावाच्या औषधाचे गुण सांगितले. हेच पुढे युनानी वैद्यकात ‘गारीकून’ झाले. जुन्या लार्च वृक्षांच्या खोडावर येणारे हे पांढरट, कडू अळंबे. त्याची वाढ अतिशय संथ. शतकानुशतके ते काढले गेले आणि ते ज्यांवर जगते ती जुनी झाडेही तोडली गेली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ते आपल्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ ठरवले. गंमत अशी, की ऑलिव्ह रिडले २००८ पासून याच यादीत त्याच्या एक पायरी खाली, ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. म्हणजे जागतिक तराजूत हे अळंबे कासवाहून अधिक धोक्यात ठरते.

पण या यादीत पोहोचण्याचे भाग्य किती कवकांना मिळाले? मार्च २०२५ मध्ये यादीतील कवकांची संख्या १,३०० झाली आणि त्यांपैकी किमान ४११ नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे जाहीर झाले. त्या वेळी यादीत सर्व मिळून १,६९,००० हून अधिक जाती होत्या. नाव मिळालेली कवकेच दीड लाखांच्या घरात आहेत. म्हणजे शंभरातल्या एकाचीही तपासणी झालेली नाही. बोरिवलीच्या रानातले अळंबे सुखरूप आहे, असे या यादीवरून म्हणता येत नाही; त्याचे नाव अजून कोणी पुकारलेलेच नाही.

भारतीय कायद्याची स्थिती याहून बोलकी आहे. १९२७ च्या वन कायद्यात ‘वनोपज’ या शब्दाची लांबलचक व्याख्या आहे. त्यात गवत आहे, वेली आहेत, बोरू आहे, शेवाळही आहे. कवकाचे नाव नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वनस्पतींचे संरक्षण आले तेच १९९१ च्या दुरुस्तीने, आणि त्या वेळी संरक्षित वनस्पतींची यादी सहा नोंदींची होती. २०२२ मध्ये सर्व अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या. त्यातही कवकांसाठी वेगळी जागा झाली नाही. जीवशास्त्राने कवकांना वनस्पतींपासून वेगळे करून स्वतंत्र सृष्टीचा दर्जा दिला त्याला आता अर्धशतक उलटले. कायद्याची भाषा मात्र अजून प्राणी आणि वनस्पती या दोनच खणांत विचार करते. दक्षिण अमेरिकेतील चिलीने आपल्या पर्यावरण कायद्यात कवकांचा स्पष्ट समावेश केला आहे, म्हणजे हे अशक्य नाही.

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत कवकाला आडून संरक्षण मिळते, हे मान्य करायला हवे. तिथले काहीही उचलून नेणे गुन्हा असल्याने पडलेले खोड पडलेले राहते आणि त्यावरचे अळंबेही. खरी अडचण हद्दीबाहेर आहे: अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या रस्त्यांवरचे जुने वर्षावृक्ष, वाड्यांतले आंबे आणि फणस, आरेतली झाडे.

या झाडांना लागू होतो तो १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन कायदा. जिवंत झाड तोडायचे तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मृत, रोगट किंवा वाऱ्याने उन्मळून पडलेले झाड हे मात्र या कायद्याच्या दृष्टीने परवानगी देण्याचे कारण आहे. म्हणजे झाडाचे कायदेशीर आयुष्य जिथे संपते, नेमके तिथे या कवकांचे आयुष्य सुरू होते. ज्या क्षणी खोड त्यांच्या कामाचे होते, त्याच क्षणी ते ‘हटवण्यायोग्य’ ठरते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. जुन्या झाडाला वय म्हणून किंमत मिळाली, हे मोठेच पाऊल. पण ती किंमत झाड उभे आणि हिरवे असेपर्यंतची आहे.

यात महापालिकेला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. बुंध्याशी अळंबे उगवले, तर आतले लाकूड पोकळ झाल्याची ती खूण असू शकते. मुंबईच्या पावसात झाड कोसळून माणसे मरतात. पावसाळ्यापूर्वीची छाटणी उगाच होत नाही. वस्तीत, शाळेच्या फाटकापाशी वठलेले झाड उभे ठेवा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो तोडल्यानंतरचा. तोडलेले खोड एखाद्या उद्यानाच्या कोपऱ्यात आडवे पडून राहू शकते. युरोपातल्या अनेक शहरांच्या बागांत ते मुद्दाम तसे ठेवतात. आपल्याकडे ते उचलले जाते, कारण पडलेले लाकूड म्हणजे कचरा. वर्सोव्यात कचरा हटवला म्हणून कासवाला जागा झाली. रानाच्या कडेला आणि बागेत तीच स्वच्छता अळंब्याची जागा काढून घेते. ‘स्वच्छ’ हा शब्द वाळूवर आणि लाकडावर एकच अर्थ देत नाही, आणि नागरी मोहिमांच्या उत्साहात हा फरक सहसा हरवतो.

आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर त्याच रात्री तोड सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला ती थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्या वादात दोन्ही बाजूंनी झाडे मोजली, भरपाईची रोपे मोजली, बिबटे मोजले. त्या खोडांच्या आत काय वाढत होते, हा मुद्दा कोणत्याही बाजूच्या यादीत ठळकपणे आला नाही. भरपाईचे रोप लिग्निन कुजवणाऱ्या कवकाच्या उपयोगाचे व्हायला कित्येक दशके जावी लागतात.

कोकण आणि सह्याद्रीतल्या गावांनी याचे उत्तर एके काळी वेगळ्या भाषेत दिले होते. देवराईतले पडलेले लाकूडही उचलायचे नाही, अशी अनेक गावांची रीत होती. सरपणासाठी काटकी नेली तरी देव कोपतो, असा धाक असे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे लक्ष प्रामुख्याने झाडे आणि वेलींकडे होते. पण सडणाऱ्या लाकडाला हात न लावण्याचा तो नियम हा अळंब्यांसाठी या भागात अस्तित्वात असलेला बहुधा एकमेव कायदा होता. देवरायांची कडक शिस्त सैल होत गेली, तसा तोही गेला.

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी आढळली. क्रमांक ०३२३३. ती २०२१ मध्ये ओडिशात, बंगालच्या उपसागराच्या काठी लावली गेली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी असावीत, ही जुनी समजूत त्या एका क्रमांकाने डळमळीत केली. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर यांच्या नावाचा कवकसंग्रह आहे. तिथे वाळवलेल्या अळंब्यांच्या प्रत्येक पाकिटावर गाव, तारीख आणि ते ज्या झाडावर सापडले त्या झाडाचे नाव असते. गुहागरच्या कासवाचे अर्धे आयुष्य चार वर्षांच्या अंतराने दोन किनाऱ्यांवरून वाचता आले. पाकिटावरचे झाड आज तिथे उभे आहे की नाही, हे पाहायला कोणाला तरी त्या गावी जावे लागेल, आणि तेही पावसात.